सोळा चित्रपट आणि माझं एक मत

रामत गन,
आपल्या नववर्षाला अकरा दिवस बाकी

प्रिय नईमाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, सासूनचा, तुला वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. खरोखर वाकलो तर पुन्हा सरळ व्हायला हल्ली खुर्ची धरावी लागते.) तुझी साखर किती आहे आणि तू डॉक्टरला ती किती सांगतेस, हे दोन्ही आकडे वेगवेगळे कळव. गुडघ्याचं काय ठरलं? सून ऑपरेशन करा म्हणते असं तू मागे लिहिलं होतंस. सून इतक्या प्रेमाने एखादी गोष्ट सुचवते आहे म्हणजे तिच्या मनात काय आहे ते आधी बघ, सही नंतर कर. माझी तब्येत ठीक आहे असं डॉक्टर म्हणतो; पण म्हणताना तो माझ्याकडे न बघता कागदाकडे बघतो, म्हणून मी ते अर्धंच धरलंय. फोन न करता पत्र लिहितोय याचं कारण तुला माहीत आहे. मी मुद्द्यावर येईपर्यंत तू फोन सुनेच्या हातात देतेस, आणि जे सांगायचंय ते सुनेला सांगण्यासारखं नाही. तेव्हा हे एकटी असताना वाच.

तुला आठवत असेल, चित्रपटांत आवाज टिपायचं काम सोडून मला चौदा वर्षं झाली तरी आपल्या देशात वर्षभरात जेवढे चित्रपट येतात तेवढे मी बघतो. वार्षिक पारितोषिकासाठी धंद्यातली सगळी माणसं मत देतात, त्यात माझंही एक असतं. मार्सेल होती तेव्हा आम्ही दोघं नवराबायको जायचो. मी आवाज ऐकायचो आणि ती गोष्ट काय झाली ते मला परतीच्या बसमध्ये सांगायची. ती गेल्यापासून दोन वर्षं मी काही पाहिलं नाही. यंदा जुलैत मात्र पारितोषिक देणाऱ्या मंडळाकडून जाड पाकीट आलं. आत यंदाच्या सोळा चित्रपटांची यादी, प्रत्येकाच्या खेळाची वेळ आणि एक फुकट प्रवेशाचा पास. मी पाकीट उजेडात धरून पाहिलं, उलटं करून झटकलं, आणखी काही पडलं नाही. तेव्हा मनाशी म्हटलं, कर्तव्य ते कर्तव्य.

आता लक्ष देऊन वाच. पाकीट आलं मंगळवारी. गुरुवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरची क्लारा सेगल भरलेल्या मिरच्यांचं पातेलं घेऊन माझ्या दारात उभी. ही तीच क्लारा, जिचे ओले कपडे अकरा वर्षं माझ्या बाल्कनीत ठिबकताहेत. अकरा वर्षांत आमचा संवाद झाला तो जिन्यात चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरून. (माझ्या चिठ्ठ्या सभ्य होत्या. ती रुमानियाहून आलेली, तिच्या तिकडच्या वळणाच्या होत्या.) ती बाई पातेलं पुढे करून म्हणाली, जास्त झाल्या होत्या. ताई, एकटी राहणारी बाई चौदा मिरच्या जास्त करते? मी पातेलं घेतलं, पण आभार मानले नाहीत. मिरच्या खाल्ल्या, पण मिटक्या न मारता, म्हणजे उपकार अंगाला लागू नयेत. त्या चांगल्या होत्या हे मी कुणाजवळ कबूल करणार नाही.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने रांग सोडून मला आधी घेतलं. आमच्या इमारतीच्या समितीचा हेझी, ज्याने माझ्या मजल्यावरचा दिवा दुरुस्त करायला दोन हिवाळे लावले, तो शिडी घेऊन स्वतः आला आणि वर विचारतो, उजेड पुरतो ना? मी त्याला विचारलं, तुझ्या घरातलं कुणी नाटकासिनेमात आहे का. तो म्हणाला, बायकोचा भाऊ लग्नात ड्रम वाजवतो. घे. दोऱ्याचं टोक हाताला लागलं. सगळ्यांना कळलं होतं की यंदा माझ्याजवळ मत आहे. कळलं कुणाकडून? मला पोस्टमनचा संशय आहे. पाकिटावर मंडळाचा शिक्का होता, आणि तो माणूस शिक्के वाचतो, मी त्याला वाचताना पाहिलंय.

तर मी चित्रपट बघायला लागलो. आठवड्यातून दोन, कधी तीन, तेल अवीवला बस करून. ताई, काय सांगू यंदाचं पीक. सोळापैकी पाचांत बाप मरतो, सात दिवसांच्या सुतकाला भावंडं जमतात आणि चौथ्या दिवशी घरावरून भांडतात. चारांत एक सैनिक खिडकीतून बाहेर बघतो, आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो. तिनांत माणसं मृत समुद्रावर जाऊन गप्प उभी राहतात. एका चित्रपटात बाप मरतो, सैनिक खिडकीतून बघतो आणि मग सगळे मृत समुद्रावर जातात. तो मला जरा अधाशी वाटला. पण खरी गंमत डोळ्यांना नाही, कानांना दिसते. तिसऱ्या चित्रपटात हैफाच्या गल्लीत एक कुत्रा भुंकला आणि मी खुर्चीत ताठ झालो. दोन लांब, एक तुटका, मग नाक शिंकरल्यासारखा एक. तो मी टिपलेला कुत्रा होता. बहात्तर साली पेताह तिकवाच्या एका गोदामाच्या राखणदाराचा, त्याला गप्प करायला मी माझं सँडविच दिलं होतं. तो आवाज कुणाच्या तरी कपाटात राहिला असणार. पुढे सातव्या चित्रपटात तोच कुत्रा जेरुसलेममध्ये भुंकला आणि अकराव्यात गोलानच्या टेकडीवर. बिचारा मरून तीस वर्षं झाली, आणि यंदा कुठल्याही नटापेक्षा त्याला जास्त कामं आहेत. मी शेजारच्या माणसाला सांगायचा प्रयत्न केला. तो उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. (त्याच्या पिशवीत एका निर्मात्याचं पत्रक होतं. मी नाव लिहून ठेवलंय.)

चौथ्या चित्रपटात एक नर्स ट्रे घेऊन येते, 'डॉक्टर येताहेत' म्हणते आणि जाते. नाक थेट क्लारा सेगलचं. क्लाराला एक नात आहे हे मला माहीत होतं. मिरच्यांचा उलगडा झाला. त्या आठवड्यात क्लारा वांगी घेऊन आली तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं की माझं मत स्वयंपाकाने बदलत नाही. ती म्हणाली, मग मीठ बरोबर आहे का तेवढं सांगा. बाई तयारीची आहे.

आता जे सांगतो ते सुनेला अजिबात सांगू नकोस. यादीतला सोळावा चित्रपट आर्ये लान्स्कीचा होता.

नाव वाचून तू चष्मा काढला असशील. मीही काढला होता. बावीस वर्षांत त्या माणसाशी मी बोललेलो नव्हतो, आणि एकोणीस वर्षांत त्याने चित्रपट केलेला नव्हता. दोन्हींचा संबंध नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. भांडण तुला तेव्हा सांगितलं होतं, पण तू खिम्याचे कुब्बे वळत होतीस आणि तुझं लक्ष नव्हतं, म्हणून पुन्हा सांगतो. त्र्याऐंशी साली आम्ही वाळवंटातल्या दरीच्या काठी, मित्स्पे रामोनला होतो. त्याच्या चित्रपटात एक म्हातारी पहाटे कड्यावर येऊन उभी राहते, आणि तिथे नुसती शांतता हवी होती. आर्ये म्हणाला, सासून, मला त्या दरीची शांतता आणून दे. ताई, शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे. त्या दरीत सूर्य यायच्या आधी थंड दगड तापायला लागतात आणि काहीतरी होतं, ते मला अजून सांगता येत नाही. चार पहाटा मी कड्यावर पालथा पडून राहिलो. चौथ्या दिवशी एक मिनिटभर ते मिळालं. आर्ये माझ्या शेजारी श्वास रोखून उभा होता. मग चित्रपट लागला, मी मार्सेलला घेऊन गेलो, म्हातारी कड्यावर आली आणि त्याने तिथे व्हायोलिन वाजवलं. पूर्ण एक मिनिट. मी अंधारातच उठलो. दुसऱ्या दिवशी त्याला पत्र लिहून माझं नाव चित्रपटातून काढायला लावलं, आणि त्याने काढलं. ते त्याने काढलं, हे मी आजवर त्याला माफ केलेलं नाही.

तर ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. मी आवाज ओळखला आणि ठेवून दिला. चार दिवसांनी दारात डाळिंबांची पिशवी, चिठ्ठी नाही. पण डाळिंबं कोण निवडतं तसं, देठाजवळ दाबून, हे मला माहीत आहे. मी ती दोन दिवस हात न लावता ठेवली. मग एका शुक्रवारी दुपारी तो स्वतः आला. मी साखळी न काढता दार चार बोटं उघडलं. ताई, तो म्हातारा झालाय. मी झालो नाही इतका.

"सासून, दार उघड," तो म्हणाला.

"मत हवंय ना तुला?"

"काय म्हणालास?"

"मत, मत. सोळा चित्रपटांत एक मत."

"काय?" तो परत म्हणाला आणि कपाळ फटीजवळ आणलं. हे बघ, हा त्याचा जुना डाव. सेटवरही त्याला एखादी गोष्ट नको असली की तो तीनदा 'काय?' म्हणायचा, म्हणजे समोरचा कंटाळून सोडून देतो. मी सोडलं नाही, साखळीही काढली नाही. मग तो म्हणाला, "चित्रपट पाहिलास का? एवढंच सांग."

"पाहिला नाही. पाहणार नाही," मी म्हटलं, आणि दार लावलं. जिन्यातून त्याची पावलं खाली गेली नाहीत बराच वेळ. मी दाराला कान लावून सेकंद मोजत होतो. शेवटी गेली.

अर्थात पाहायला मी गेलोच. मतदाराला सोळाच्या सोळा पाहावे लागतात, त्यात माझा काही दोष नाही. टोपी घातली, मार्सेलचा काळा चष्मा लावला आणि शेवटच्या रांगेत बसलो. चित्रपटाचं नाव 'उतारावरची माणसं'. गोष्ट काय ते सांगायला बसमध्ये कुणी नव्हतं, पण एवढं कळलं की दोन भाऊ असतात आणि बोलत नाहीत. शेवटाकडे धाकटा पहाटे रामोनच्या कड्यावर येतो. व्हायोलिन येणार म्हणून मी बोटं कानांत घालायला तयार होतो. व्हायोलिन आलं नाही. आली ती माझी शांतता. बावीस वर्षांपूर्वीची, चौथ्या पहाटेची, तीच. त्याने टेप जपून ठेवली होती. काळा चष्मा काढून पुसावा लागला. (आतून. कुणी पाहिलं नाही. दोघांनी पाहिलं असेल.) आणि शेवटी नावांत, अगदी एकटं, एका ओळीत: दरीची शांतता, सासून अबूदी.

आता सांग, मी काय समजायचं? बावीस वर्षं ज्याला नाव आठवलं नाही, त्याला ते बरोबर मतदानाच्या वर्षी आठवतं? दोन रात्री मला झोप नव्हती. एक मन म्हणे, माणसाने चूक दुरुस्त केली. दुसरं मन म्हणे, दुरुस्ती तुझ्या मतासाठी केली. आणि तिसरं, कानाचं मन, म्हणे की त्या शांततेत अठ्ठाविसाव्या सेकंदापासून काहीतरी चुकलंय. मी परत जाऊन चित्रपट पाहिला. तिसऱ्यांदाही पाहिला. बरोबर होतं. अठ्ठाविसाव्या सेकंदाला माझी दरी संपते आणि कुणीतरी खालून वारा घालतं. तो वारा रामोनचा नव्हे, कुठल्याही वाळवंटाचा नव्हे. तो एखाद्या ऑफिसातल्या एअर कंडिशनरचा आहे. मी कागदावर पहिल्या क्रमांकाला वेगळा चित्रपट लिहिला (बाप मरतो तो, पण त्यात मुलगी खरी रडते), आणि आर्येला दुसरा क्रमांक दिला. मन शांत झालं. न्याय केला.

पोस्टावर माझा भरवसा नाही हे वर आलंच आहे, म्हणून मतपत्रिका हातात घेऊन मी मंडळाच्या कार्यालयात गेलो. तिथे ओफ्रा नावाची मुलगी बसते, चाळिशीची असेल. तिने नाव विचारलं, यादी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मला बसायला खुर्ची दिली. खुर्ची देतात तेव्हा बातमी वाईट असते. ती म्हणाली, "मिस्टर अबूदी, तुमचं सभासदत्व दोन वर्षांपूर्वी संपलंय. नूतनीकरणाचे फॉर्म आम्ही तीनदा पाठवले होते."

फॉर्म आले होते, ताई. ते मार्सेल भरायची. ती गेल्यावर आले ते मला लबाडीचे वाटले, माझी जन्मतारीख विचारत होते, आणि मी फाडून टाकले. म्हणजे मला मत नव्हतं. जुलैपासून नव्हतं. चौदा मिरच्या, वांगी, दिवा, औषधवाल्याची रांग, कशालाही मत मिळणार नव्हतं. मी विचारलं, मग ते पाकीट? तो मतदाराचा कागद नव्हताच, ती म्हणाली, जुन्या लोकांसाठी फुकट पास होता. मतपत्रिका म्हणून मी जे भरून आणलं होतं ती यादीची मागची बाजू होती. तिने ती परत घडी करून माझ्या हातात दिली, हसली नाही, याबद्दल मी तिला कायम मानेन. मग मीच विचारलं की पास माझ्या पत्त्यावर पाठवायचं कुणी सुचवलं.

"आर्ये लान्स्कींनी," ती म्हणाली. "वसंतात आले होते. मतदारांच्या यादीत तुमचं नाव नाही हे त्यांनीच पाहिलं. म्हणाले, मत नसलं तरी चालेल, पण त्याला चित्रपट ऐकायला बोलवा."

ऐकायला. बघायला नाही. मी तिथून सरळ बस धरली आणि बात यामला गेलो. त्याचं घर समुद्राकडे तोंड करून आहे. बेल वाजवली, पुन्हा वाजवली, पाच मिनिटं. आत तो खुर्चीत बसलेला खिडकीतून दिसत होता, पाठ माझ्याकडे. मी खिडकीवर हात मारला, तो वळला नाही. शेवटी मी बागेतून फिरून समुद्राकडच्या उघड्या दाराने आत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो दचकला, मग टेबलावरून कानात घालायचं यंत्र उचललं आणि तेव्हा मला सगळं कळलं. त्या दिवशी दाराच्या फटीत कपाळ का आणलं तेही कळलं. डाव नव्हता तो.

डावा कान चार वर्षांपूर्वी गेला, उजव्यात माणसांचे आवाज थोडे येतात, पण बारीक काही येत नाही. शांतता तर मुळीच नाही. "मला सगळीकडे सारखंच ऐकू येतं," तो म्हणाला. "आवाजांच्या शेवटच्या मिश्रणाला बारा तरुण मुलं होती. सगळी म्हणाली, छान झालंय. मी मान डोलावली. सासून, तिथे ते आहे का? दरीतलं ते?"

मी खोटं बोलू शकलो असतो. समोर चहा ठेवला होता त्याने, वेलदोडा घातलेला, आपल्या घरच्यासारखा. पण मी म्हटलं, "सत्तावीस सेकंद आहे. अठ्ठाविसाव्याला कुणीतरी एअर कंडिशनर घातलाय."

मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी ओरडून परत सांगितलं. तो म्हणाला, कळलं, ओरडू नकोस. मग त्या मुलांना फोन लावायला त्याने मला सांगितलं, आणि बोललो मी, कारण फोनवर त्याला काही उमगत नाही. टेप जुनी झाली होती, पुढचा भाग खराब निघाला, म्हणून त्यांनी गुपचूप वारा चिकटवला होता. म्हातारा निर्माता-दिग्दर्शक ऐकू शकत नाही हे त्यांनी ओळखलं आणि सांगायचं टाळलं. तर ताई, उभ्या उन्हाळ्यात मी ज्या कुणावर संशय घेतला त्यांच्यातलं कुणीही काही लपवत नव्हतं, आणि जी बारा मुलं मी मोजलीच नव्हती ती लपवत होती. हे मी विसरणार नाही. पुढच्या वर्षी तरुणांवर जास्त लक्ष ठेवायचं ठरवलंय.

चहा संपल्यावर त्याने विचारलं, मत असतं तर मला दिलं असतंस? मी म्हटलं, नाही, दुसऱ्याला. तो इतका हसला की यंत्र कानातून पडलं. मग व्हायोलिनचा विषय निघाला आणि आमचं पुन्हा भांडण झालं, बावीस वर्षांपूर्वी होतं तसंच्या तसं, एक शब्दही झिजलेला नाही. निघताना त्याने डाळिंबं दिली. मी घेतली.

सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा. सुनेलाही, जपून.

तुझा,
सासून

ता. क. क्लाराकडे रिकामी पातेली परत करायला गेलो होतो. तिची नात दंतवैद्यक शिकते, आयुष्यात कॅमेऱ्यापुढे गेलेली नाही. मी विचारलं, मग मिरच्या कशासाठी? ती म्हणाली, "मार्सेल गेल्यापासून तुमच्या स्वयंपाकघरातून वास येत नाही, अबूदी. दोन वर्षं मी वाट पाहिली. नंतर मला सहन होईना." तिचे कपडे अजून ठिबकताहेत, मी चिठ्ठी लावलेली नाही.

पुन्हा ता. क. आता खरं काम. परदेशी जाणाऱ्या प्रतीसाठी बाकीची तेहतीस सेकंद नव्याने टिपायची आहेत. सणाची सुट्टी संपल्यावरच्या रविवारी आर्ये आणि मी रामोनला निघतोय, आणि बीरशेबा वाटेत आहे. तुझ्याकडे एक रात्र जाताना, एक येताना, दोन पलंग, आणि पहाटेसाठी मोठा थर्मास. आर्ये कुब्बे खातो, मोजत नाही. त्याच्या कानाचं मी तुला सांगितलंय हे त्याला कळू देऊ नकोस. तो 'काय? काय?' म्हणाला तर नुसतं परत सांग, मनाला लावून घेऊ नकोस.

आणखी एक. गाडी तो चालवणार आहे. मागून भोंगा वाजला की मी त्याच्या गुडघ्यावर मारायचं, असं ठरलंय. वसंतात लायसन्स नवं करून आणलंय म्हणतो. कान तपासणाऱ्याने विचारलं तेव्हा तू काय उत्तर दिलंस, असं मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याला नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही.